बुयिसा!

बाबांना माती दिली त्या दिवसापासून कुत्रा बेपत्ता होता, आणि संध्याकाळच्या टॅक्सीने त्याला डर्बनला न्यायचंच, असं झिबुयिलेने ठरवलं होतं. बाबांच्या खुर्च्या, घोंगड्या, कोट, सगळं तिने भावकीत वाटून टाकलं होतं. कुत्रा मात्र तिचा.

अडचण एवढीच, की त्याला शोधायचं तर हाक मारावी लागणार होती.

कुत्र्याचं नाव बुयिसा. म्हणजे ‘परत आण’. शेजारच्या न्तोंबेलांनी आपली कुऱ्हाड नेली, अशी बाबांची खात्री होती. पण शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं शोभत नाही. म्हणून त्या टेकड्यांतली शहाणी माणसं करतात तेच त्यांनी केलं होतं. एक पिल्लू आणलं, शेजाऱ्याला सांगायचं तेच त्याचं नाव ठेवलं, आणि रोज संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून त्याला घसा फोडून हाका मारल्या.

“बुयिसा!” झिबुयिलेने खालच्या घरापाशी हाक दिली.

माझुंगू हात पुसत बाहेर आली, झिबुयिलेकडे बघून आत गेली आणि घरची बिअर करायच्या मोठ्या पातेल्याचं झाकण घेऊन आली. “देणारच होते गं. मयताच्या घरी लगेच कसं यायचं?”

“मावशी, मी कुत्र्याला हाक मारतेय!”

“हो, हो. तुझा बापही हेच म्हणायचा.”

पुढच्या घरातून करवत आली. त्याच्या पुढच्या घरातून छत्री आली, तीही मोडकी. ‘गेलेल्या म्चुनूंची पोरगी वसुलीला निघालीय’ ही बातमी तिच्या पुढे पळत होती. एका म्हाताऱ्याने तर काही न विचारता शेळीचं करडू तिच्या काखेत दिलं.

“हे कशाचं?”

“तुझ्या बापाच्या बोकडाचं. मला वाटलं, त्याला माहीत नसेल.” म्हातारा खिन्नपणे म्हणाला. “तुझं नावच ‘गुरं परत आली’. तुझ्याशी कोण वाद घालणार?”

मिशनच्या शिक्षिकाबाई मात्र फाटकातच कडाडल्या. “मी काय नेलंय? एक सुई तरी नेलीय का? आणि सगळ्यांदेखत माझ्या दारात ‘परत आण’?”

झिबुयिलेने त्यांची माफी मागितली, करडू दुसऱ्या काखेत घेतलं आणि पुढे निघाली. आता एकच घर उरलं होतं.

बुयिसा तिथेच होता. न्तोंबेलांच्या गुरांच्या गोठ्याशी, त्यांच्या थकलेल्या कुत्र्याच्या पाठीवर हनुवटी ठेवून झोपला होता. त्या कुत्र्याचं नाव आंगिथाथांगा. ‘मी नाही घेतली’.

“ने. तुझाच आहे,” न्तोंबेला म्हणाले. त्यांचं नाव एम्फिकेलेली, म्हणजे हट्ट न सोडणारा. पण आवाजात हट्ट नव्हता.

तिने गळ्यात दोरी बांधून ओढली. कुत्र्याने पाय रोवले. तिनेही रोवले. करडू ओरडायला लागलं.

“तुझा बाप गेला तरी मी रोज माझ्या कुत्र्याला हाक मारतो,” न्तोंबेला जमिनीकडे बघत म्हणाले. “पलीकडून कोणी विचारतच नाही. नुसता वेड्यासारखा नाही, नाही म्हणत बसतो.”

झिबुयिलेने कुंपणापलीकडे पाहिलं. बाबा उभे राहायचे तिथलं गवत पुन्हा वर येत होतं. तिने दोरी सोडली.

“ठेवा त्याला, न्तोंबेला बाबा. पण रोज संध्याकाळी नावाने हाक मारायची. खणखणीत.”

“मी? ‘परत आण’? माझ्याच अंगणात? अगं, कोणाला?”

“ते तुम्ही बघा. मला आत्ता ऐकायचंय. नाहीतर नेते.”

ती आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली. न्तोंबेलांनी इकडेतिकडे बघून घसा साफ केला.

“बुयिसा.”

“पुटपुटताय काय?”

“बुयिसाऽऽ!”

हाक टेकडी उतरून नदीपर्यंत गेली. मागे जी शांतता राहिली ती तिला सहन होईना. करडू खाली ठेवून तिने कुंपण दोन्ही हातांनी धरलं, आणि काय करतेय हे कळायच्या आत ओरडली,

“आंगिथाथांगाऽऽ!”

न्तोंबेलांची पाठ ताठ झाली, छाती भरली, चेहरा उजळला.

“खोटं!” ते गरजले. “अख्खं खानदान खोटारडं तुमचं!”