अक्कांच्या गाडीचं कुलूप

मालतीअक्कांच्या गाडीत बसणं सोपं होतं, उतरणं अवघड. आमच्या कॉलनीत ही गोष्ट इतकी सर्वश्रुत होती, की सकाळी फाटकातून त्या गाडीचं शेवाळी नाक बाहेर आलेलं दिसलं की बसस्टॉपकडे निघालेली चांगली शिकलीसवरलेली माणसं कोणाच्याही अंगणात शिरून तिथल्या तुळशीला पाणी घालायला लागत. एकदा मी चौधरींच्या तुळशीला पाणी घातलं आणि वळून पाहिलं, तर स्वतः चौधरी आमच्या जास्वंदीमागे उभे होते.

अक्कांचा उभा जन्म जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. ट्रंक कॉलच्या काळात मुंबई, भुसावळ, धुळे, सुरत सगळं त्यांच्या बोटांवर होतं. लग्न केलं नाही. पुढे माणसं स्वतःच नंबर फिरवून परगावी बोलायला लागली आणि अक्का निवृत्त झाल्या. एक्स्चेंज सुटलं तरी भाषा सुटली नाही. दारात येऊन त्या कडी वाजवत नसत, "हॅलो, महाजन!" अशी हाक मारत. भाजीवाला भावावरून फार बोलायला लागला की "तुमची वेळ संपली" म्हणून त्याला तोडून टाकत. आमच्या घरात नवराबायकोचं काही चाललेलं असताना एकदा त्या नेमक्या आत आल्या. आम्ही दोघंही एकदम बोलत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "क्रॉस कनेक्शन होतंय. एकेकाने बोला." त्या दिवशी आमचं भांडण लवकर मिटलं, कारण एकेकाने बोलायचं ठरल्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

आणि आपण निघायला लागलो, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "लाइनवर राहा." मग पुढचा अर्धा तास आपण लाइनवर.

निवृत्तीनंतर बाई काशीला जाईल, फार तर शिवणाचा क्लास काढील, असा कॉलनीचा अंदाज होता. अक्का सुरतेला गेल्या आणि एका व्यापाऱ्याने वापरून सोडलेली जपानी मोटार घेऊन आल्या. त्या गाडीत सगळं विजेवर होतं. काचा विजेवर, दारांची कुलपं विजेवर. एका दाराला किल्ली लावली की चारही दारं टक् करून बंद व्हायची. पहिले काही दिवस आम्ही ते बघायला गोळा होत असू. अक्काही मागाल तितक्या वेळा किल्ली लावून दाखवत.

वर्षभरात गाडीचं डोकं फिरलं. उजवीकडे वळायचं म्हटलं की वायपर चालू होत. ब्रेक दाबला की आतला दिवा लागे. हॉर्न तर मनात येईल तेव्हा वाजे. सगळ्यात वाईट खोड कुलपांची. थोडं अंतर गेलं की चारही दारं आपोआप बंद होत आणि मग काही केल्या उघडत नसत. खुंटी वर ओढावी, तर ती टक् करून पुन्हा खाली. काचाही ढिम्म. गाडी थांबवून बसून राहायचं. एखादा चहा होऊन पिऊन व्हावा इतक्या वेळाने कुठेतरी आत काहीतरी निवायचं आणि दारं उघडायची.

मी पहिल्यांदा अडकलो तो माझ्याच बँकेच्या दारात. काचेबाहेर आमचे मॅनेजर उभे राहून घड्याळ दाखवत होते, मी आतून दोन्ही हातांनी खुणा करत होतो. अक्का मात्र सीट जरा मागे घेऊन म्हणाल्या, "लाइनवर राहा. तर मी काय सांगत होते, तुमच्या आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?" आईच्या गुडघ्यापासून आम्ही माझ्या बदलीपर्यंत आलो. बदलीपासून माझ्या लहानपणापर्यंत आलो. दार उघडलं तेव्हा मी सहावीत होतो.

खरं सांगायचं तर गप्पा छान होत. अक्का ऐकायच्या, आणि असं ऐकायच्या की आपण आपल्यालाही ठाऊक नसलेलं सांगून बसायचो. पण बँकेत वेळेवर पोचणं ही वेगळी गोष्ट आहे.

"अक्का, गाडी दुरुस्त करून घ्या," असं कॉलनीत प्रत्येकाने सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "स्वभाव आहे हो तिचा. औषध काय करणार?"

मग मे महिना आला. जळगावचा मे.

चौधरींकडे त्यांची आई आली होती. असोद्याची म्हातारी, सगळे तिला जिजी म्हणत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मुलाकडे राहायची आणि दिवसभर ओट्यावर काळा चष्मा लावून बसायची. त्या दिवशी तिला डॉक्टरांना दाखवायचं होतं, चौधरी कामावर आणि रिक्षा मिळेना. अक्का म्हणाल्या, मी नेते. सुनेने बिचारीने हो म्हटलं.

दुपारी हॉर्न ऐकू आला. थांबेचना. मी जेवण टाकून बाहेर गेलो. गाडी चौधरींच्या फाटकासमोर भर उन्हात उभी होती आणि कुलपं लागलेली होती. थंडीत निवणारी ती काय असेल ती वस्तू मेमधल्या दुपारी कशी निवणार? आत अक्का खुंटी वर ओढत होत्या, ती खाली पडत होती, त्या पुन्हा ओढत होत्या. शेजारी जिजीची मान सीटवर कलंडली होती आणि चेहरा लालबुंद झाला होता.

मी घरातून वरवंटा आणला आणि मागची काच फोडली. आत हात घालून मी खुंटी वर धरून ठेवली आणि जमलेल्यांपैकी दोघांनी बाहेरून दार ओढलं तेव्हा ते सुटलं. जिजीला आम्ही ओट्यावर निजवलं, ओला पंचा डोक्यावर ठेवला, साखरमिठाचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिली चौकशी केली ती चष्म्याची. तेव्हा आम्ही सगळे उगाच मोठ्याने हसलो. अक्का हसल्या नाहीत. फाटकाला धरून त्या तिथेच उभ्या होत्या.

संध्याकाळी चौधरी आले. माणूस सज्जन, पण आईची गोष्ट होती. ते रस्त्यातच म्हणाले, "अक्का, एकट्या माणसानं एकट्यानंच फिरावं. दुसऱ्याच्या आईला कशाला घेऊन मरता?"

अक्का आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हाक आली. हॅलो नव्हतं. "महाजन, धुळ्याला येता का? गाडीचं काम करून टाकायचंय." बायकोने माझ्याकडे अखेरचं पाहावं तसं पाहिलं. मी गेलो. मागची काच फुटलेली होती, म्हणजे निदान बाहेर पडायला वाट होती, हाच काय तो धीर.

एरंडोल गेलं, पारोळा गेला, अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. मीच आपलं माझ्या आईच्या गुडघ्यांविषयी थोडं बोलून पाहिलं.

धुळ्यात आग्रा रोडवर नानाभाऊचं दुकान होतं. मोटारींच्या वायरिंगचं काम. कानावर पेन्सिल आणि अंगावर येणारा आवाज असा तो माणूस. गाडी ओळखून तो लांबूनच ओरडला, "या ताई, या! उनात का शेवट!"

'शेवटी आलात का' म्हणतोय, म्हणजे ओळख जुनी होती. मी अक्कांकडे पाहिलं, त्या दुकानाच्या पाटीकडे पाहत होत्या.

नानाभाऊने फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि धूळ झटकली. आत काळी डबी होती, बाजूंना वायरी खोचायची तोंडं असलेली. मला म्हणाला, "साहेब, दिवा, वायपर, हॉर्न, कुलपं, बठ्ठा कारभार या डबीनाच हातमा शे. ताईनी गाडीनी डबी गयी. मुंबईथून मी दुसरी मागाडी. दिवाळीपाईन ठेयेल शे." मग अक्कांकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाला, "तुम्हीच सांगं व्हतं ना ताई, राहू दे आते म्हनीसन?"

दिवाळीपासून! मी बँकेच्या दारात अडकलो होतो ते संक्रांतीच्या आसपास. त्यानंतरही दोनदा. चौधरी अडकले, पोस्टमन अडकला, देवळातले गुरुजी आरतीच्या वेळेला अडकले. स्वभाव आहे हो तिचा!

नानाभाऊने बॅटरीची वायर सोडली, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि कमरेपर्यंत आत शिरला. बराच वेळ त्याच्या फक्त चपला आमच्याशी बोलत होत्या. जुनी डबी बाहेर आली. नवी आणि ती शेजारी ठेवल्यावर मला काडीचा फरक दिसला नाही. नवी आत गेली, बॅटरी जोडली. दिवा म्हटलं की दिवा लागला, वायपर म्हटलं की वायपर फिरले. कुलपं टक् करून लागली आणि टक् करून उघडली. नानाभाऊने ती पुन्हापुन्हा लावून उघडून दाखवली.

"जुनी लई जातस का?" त्याने विचारलं.

"नको," अक्का म्हणाल्या. "फेकून द्या."

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. चहा घेऊन आम्ही गाडीतच बसलो. समोर रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं कानाला माणसं लावून बसले, महाजन. बाळंतपणं ऐकली, मयतीचे निरोप ऐकले. पण माझ्याशी कोणी बोलत नव्हतं हो. सगळे माझ्यामधून बोलत होते."

मग कप रिकामा करून त्या म्हणाल्या, "जिजीला काही झालं असतं तर?" आणि गाडी सुरू केली.

गाडी सुधारल्याची बातमी कॉलनीत पसरली, तशी तुळशीपूजा थांबली. लोक आपण होऊन लिफ्ट मागायला लागले. बसायचे, दोन शब्द हवापाण्याचे बोलायचे. "हं, इथेच, इथेच!" टक्. दार उघडायचं, माणूस गायब. गाडी इतकी उपयोगी कधीच नव्हती आणि अक्का इतक्या लवकर मोकळ्या कधीच होत नव्हत्या. त्याही कोणाला थांबा म्हणत नसत. "लाइनवर राहा" हे शब्द त्या वापरीनाशाच झाल्या.

पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी मी त्यांच्याबरोबर बाजारापर्यंत निघालो होतो. चौधरींच्या फाटकात जिजी उभी होती. चष्मा गेला होता, डोळे बरे झाले होते, अंगावर नवं लुगडं होतं. तिने हात आडवा करून गाडी थांबवली.

"मले देवळात ने वं, बाई."

अक्का गडबडल्या. "जिजी, घरात विचारलंत का?"

"कोनाले इचारू? घरात कोनी बोलतं का माह्यासंगं?" असं म्हणत जिजी मला उठवून पुढच्या सीटवर बसलीदेखील. मी मागे गेलो.

देऊळ फार लांब नव्हतं. अक्का जपून, एरवीपेक्षाही हळू गेल्या. देवळासमोर गाडी थांबली. टक् झालं. अक्कांनी वाकून जिजीच्या बाजूचं दार स्वतःच उघडून दिलं आणि म्हणाल्या, "आलं देऊळ, जिजी. उतरा."

जिजीने दाराकडे पाहिलं, बाहेरच्या चिखलाकडे पाहिलं, आणि दार ओढून परत लावून घेतलं.

"देव कुठी पळून जाते का?" ती म्हणाली. "त्या दिशी दवाखान्यातून येतानी तू मुंबईवाल्या बाईचं सांगत व्हती, तिच्या नवऱ्याचा फोन येत नव्हता थे. मंग आला का?"

अक्कांनी इंजिन बंद केलं.