भागाआत्या मोटारीतून लेणी बघायला जातात

परभणीहून मागवलेली भाड्याची मोटार आमच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा भागाआत्यांनी काय करावं? घमेलंभर भिजवलेली सरकी आणून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवली.

मोटारवाला उस्मान पोट धरून हसला. "अम्मा, ये बैल नई है. ये तेल पीती."

"पिऊ दे की. पर लांबचा पल्ला हाय बाबा. खाल्ली तर खाल्ली. आपलं काय जायलंय?"

'आपलं काय जायलंय' हे त्यांचं पालुपद. भागाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. मामंजींची मानवतला कापसाची आडत होती. त्यांनी नुसतं खाकरलं तरी दुकानातले हमाल गप्प व्हायचे. त्यांना 'नाना' म्हणून हाक मारून "ताटात टाकायलास का रे?" असं खडसावणारं माणूस साऱ्या गावात एकच, ते म्हणजे आत्या. मी घरात नवी सून होते. मला त्यांचा फार आधार वाटायचा.

आत्यांच्या लेखी जगात निर्जीव असं काहीच नव्हतं. जातं ओढताना त्या जात्याशी बोलत, दूध उतू जायला लागलं की त्याला "आलास का गाव गोळा करायला?" म्हणून रागवत. गल्लीत कुणाची गाय अडली की बोलावणं आत्यांना यायचं. रात्र असो, पाऊस असो, त्या पदर खोचून निघायच्या.

तर दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. जिंतूरजवळच्या डोंगरात जमिनीखाली जैनांची लेणी आहेत आणि तिथं एक भला मोठा दगडी देव एवढ्याशा दगडावर जेमतेम टेकून उभा आहे, असं आत्यांच्या कानावर आलं. त्यांनी हट्टच धरला. "बैलगाडीनं माझी हाडं निघतील. मोटार सांग, नाना." आणि मामंजींनी, पैशाला इतकं जपणाऱ्या माणसानं, खरोखरच मोटार सांगितली.

निजामाच्या राज्यातला तो मुरुमाचा रस्ता. उस्मान हँडल मारायला लागला की आत्या आतून ओरडायच्या, "हळू रे! कान पिळल्यावानी पिरगाळू नको." चढ आला की त्या सगळ्यांना खाली उतरवत. "चढाला वझं कमी करावं." भाडं भरलेल्या मोटारीमागून मामंजी जरीचा पटका सावरत, घाम पुसत चालत होते. माझे यजमान तोंड फिरवून हसत होते. सावली दिसली की मोटार थांबायची, आत्या तिच्या टपावरून हात फिरवायच्या. शेवटी शेवटी तर उस्मानच झाडाजवळ वेग कमी करून विचारायला लागला, "अम्मा, थक गई क्या ये?"

"थकली असंल. बोलंना बिचारी," आत्या म्हणायच्या.

लेण्यांची दारं बघून मात्र आमची तोंडं उतरली. दार कसलं, भोकच ते! गुडघ्यावर बसून, मान खाली घालून आत सरकायचं. पुजारी दिवा घेऊन पुढं गेला. त्याच्यामागं आत्या. "आपलं काय जायलंय?" म्हणत त्या दिसेनाशा झाल्या. मग मी, मग यजमान. आत गारवा होता आणि दिव्याच्या उजेडात तो मोठा देव शांत उभा होता. आत्यांनी हात जोडले आणि देवाच्या पायाशी डोकं टेकलं.

तेवढ्यात दारातला उजेड गेला. मागं पाहिलं तर दारात मामंजी अडकले होते. डोकं आणि हात आत, बाकीचा देह बाहेर, उस्मानजवळ. ना पुढं येता येई ना मागं जाता येई. ते घाबरले. घाबरले की ते चिडायचे, आणि चिडले की फुगायचे. तोंड लालबुंद झालं. बाहेर जायला दुसरी वाटच नव्हती.

आत्या पुढं सरकल्या, त्यांच्या डोक्याशी बसल्या. "नाना, वरडू नको. वरडायला मोठा श्वास घ्यावा लागतो, अन् श्वास घेतला की पोट फुगतं."

"अक्का, जीव चाललाय माझा!"

"न्हाई जात. मी हाय न्हवं?" गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी भावाच्या मानेवरून हात फिरवला. मग तोच हात दारातून कमरेपर्यंत घातला आणि पानाची गच्च भरलेली चंची ओढून काढली. "हे बघ! हे घेऊन देवाकडं यायलास! आता शिव म्हण. लांब म्हण. श्वास सरूस्तोर म्हण."

"शि... व..."

"उस्मान, वढ रे बाबा!"

बाहेरून उस्माननं पाय ओढले आणि मामंजी बाटलीच्या बुचासारखे सुटले. बाहेर आल्यावर ते मातीतच बसून राहिले. आत्यांनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं.

परतताना आत्या उस्मानला म्हणाल्या, "चारठाण्यावरून घे."

चारठाणा आत्यांचं सासर. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं त्यांना ऐन तारुण्यात माहेरी आणून सोडलं आणि दुसरी केली. आमच्या घरात त्या गावाचं नाव कुणी घेत नसे. नवरा वारूनही आता बरीच वर्षं झाली होती.

"अक्का, कशाला?" मामंजी म्हणाले.

चारठाण्याच्या जुन्या देवळांपाशी मोटार थांबली. माझा हात धरून त्या एका बोळात शिरल्या. एका पडवीत एक वाळकी बाई ज्वारी पाखडत बसली होती.

"कोण हाय?"

"भागा."

बाईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं पदर डोक्यावर ओढला. "भांडाया आलात का?"

"भांडायचं असतं तर कवाच आले असते. एकलीच असतीस म्हणं. कासारीण सांगत होती." आत्या जरा थांबल्या. "गोदे, मोटारीत बसलीस का कधी?"

"मी? न्हाई."

"मी बी आजच बसले. ऊठ."

दोघींना येताना बघून मामंजी पुढच्या जागेवर ताठ झाले. मला वाटलं, आता हे काही तरी बोलणार. ते खाली उतरले. त्यांनी स्वतः मागचं दार उघडलं आणि गोदाबाईंना म्हणाले, "बसा, अक्का."

मोटार देवळांना वळसा घालून गावाबाहेर निघाली. गोदाबाईंनी एका हातानं दार धरलं होतं, दुसऱ्यानं आत्यांचा हात. मग त्या म्हणाल्या, "ते तुमच्या हातच्या भाकरीचं लय कवतिक करायचे. मला असा राग यायचा!"

"माझ्या भाकरीचं?" आत्या चकित झाल्या. "अगं, माझी तर रोज करपायची!"

दोघीही हसायला लागल्या. हसता हसता गोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला बी झालं न्हाई हो लेकरू," त्या म्हणाल्या. आत्यांनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

मोटार परत बोळाच्या तोंडाशी आली. गोदाबाई उतरेनात. आत्याही 'उतर' म्हणेनात. उन्हं कलली होती, मानवत लांब होतं. उस्माननं मामंजींकडं पाहिलं.

मामंजी समोरच बघत होते. "आणखी एक फेरी घे," ते म्हणाले. "जरा लांबून घे."