सोयरीचं एव्हरेज

गेल्या एप्रिलपासून गाडीत बसून खाल्लेला प्रत्येक घास गाडीच्या इंधनात धरला जाऊ लागला. नियम सरळ होता. गाडी पेट्रोलवर चालते, आतली माणसं अन्नावर चालतात. दोन्हींची बेरीज करून लिटरला वीस किलोमीटर पडले नाहीत, तर गाडी खादाड ठरायची आणि तिच्यावर जबर कर बसायचा.

परदेशी गाड्यांना याची झळ लागली नाही. त्यांच्या पांढऱ्या सीटवर डाग पडेल म्हणून मालक पोटच्या पोरालाही आत बिस्किट खाऊ देत नसत. मेली ती आपली सोयरी. नाशिकच्या दारणा मोटर्सची ही एकुलती एक गाडी. मागच्या सीटपुढे डबा ठेवायला उघडमीट होणारी फळी हवी, असा हट्ट चाचणी-चालक सुदाम खैरनारने दहा वर्षांपूर्वी धरला होता, आणि लोकांनी गाडी घेतली ती त्या फळीसाठीच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उघडली की सहा माणसं गाडीतच पोटभर जेवत. आता तीच फळी कारखान्याच्या मुळावर आली होती.

"उपाशी माणसांची गाडी चांगली आणि जेवणाऱ्यांची वाईट, हा कुठला न्याय?" सुदाम दिसेल त्याला विचारायचा. उत्तर कोणाकडे नव्हतं. नियमाची प्रत मात्र सगळ्यांकडे होती.

पहिल्या चाचणीला त्याने मोठ्या हुशारीने एकादशी निवडली आणि प्रवासी म्हणून घरचीच माणसं नेली. पण एकादशी अन् दुप्पट खाशी! सिन्नर यायच्या आत खिचडी, वरईचा भात, बटाट्याचा कीस आणि केळी फळीवर आली. एव्हरेज अकरा पडलं. आता एकच चाचणी उरली होती. तीत सोयरी नापास झाली, तर कारखान्याला टाळं आणि सुदामसकट अकराशे माणसं घरी.

या खेपेला त्याने निर्जळी एकादशी धरली. बायको सुमन आणि सासूबाईंनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. सासूबाईंशेजारी मापन अधिकारी निरगुडे मांडीवर तराजू घेऊन बसले होते. परतीच्या वाटेवर कारखाना दोन किलोमीटरवर राहिला, तेव्हा एव्हरेज वीस पूर्णांक दोन होतं आणि निरगुड्यांना दरदरून घाम फुटला होता.

"साहेब, काय होतंय?" सुमनने विचारलं.

"साखर उतरली वाटतं. चालू द्या. मोजमाप थांबवता येत नाही."

सुमनने पिशवीतून डबा काढला. दुसऱ्या दिवशीच्या पारण्यासाठी केलेले राजगिऱ्याचे लाडू होते.

"सुमे, डबा आत ठेव!" सुदाम ओरडला.

"माणूस पडायला आला नि डबा ठेवू?"

निरगुड्यांनी लाडू आधी तोलला, मग अर्धा खाल्ला. "वीस पूर्णांक शून्य," ते म्हणाले. "उरलेला खाल्ला तर गाडी नापास."

"खाल्ला तुम्ही, आणि नापास गाडी?" सुदामने विचारलं.

"मी खाल्ला, पण गाडीत. असं करा, गाडी थांबवा. मी उतरून खातो. नियमात तेवढी सवलत आहे."

सुदामने गाडी थांबवली. निरगुडे कडेला उन्हात उभे राहिले. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात अर्धा लाडू. पण घास तोंडात जायच्या आत तोल जाऊन ते रस्त्याकडे झुकले आणि एक ट्रक हॉर्न वाजवत अंगाला घासून गेला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आपल्या गाडीतलं माणूस आहे ते."

सुदामला समोर लांबवर कारखान्याचं फाटक दिसत होतं. संताप त्याच्या मस्तकात गेला. त्या नियमाचा, तो करणाऱ्यांचा आणि त्यांच्या सात पिढ्यांचा त्याने मोठ्याने उद्धार केला. मग खाली उतरून त्याने मागचं दार उघडलं.

"या आत. बसून खा."

"नापास होईल."

"कळतं मला. बसा!"

निरगुडे बसले. फळी उघडून त्यांनी तिच्यावर लाडू ठेवला आणि कण न सांडता सावकाश संपवला. चेहऱ्यावर रंग परत आला.

"फळी फार सोयीची केलीय हो तुम्ही," ते मनापासून म्हणाले. "परदेशी गाड्यांत ही सोय नाही."

मग फळी रुमालाने पुसून त्यांनी तिच्यावर वही ठेवली आणि लिहिलं, एकोणीस पूर्णांक आठ.