उलटे चालणारे कोच

आमचे शेजारी उलटे चालायचे. म्हणजे तोंड आपल्याकडे आणि पावलं मागे मागे. पत्रांच्या पेटीपर्यंत उलटे, कचऱ्याचा डबा ओढत उलटे, आणि तुमच्याशी बोलून झालं की हात हलवत थेट स्वतःच्या दारापर्यंत उलटे. टेक्सासमधल्या अर्विंगला आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी माझ्या बायकोने, सुनीताने, खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि मला हाक मारली, "अरे, इकडे ये. आधी त्यांचे पाय बघ, सरळ आहेत ना?"

पाय सरळ होते. गुडघे तेवढे कामातून गेले होते.

नाव वॉल्टर, पण सगळा मोहल्ला त्यांना कोच म्हणायचा. कधीकाळी अमेरिकन फुटबॉलमधले व्यावसायिक खेळाडू. आता तुम्ही म्हणाल, वा, म्हणजे पैसा, प्रसिद्धी! छे हो. कोच बचावातले. समोरचा गडी सुसाट पळत येणार, त्याच्यासाठी लांबून बॉल फेकला जाणार, आणि यांनी त्याच्याकडे तोंड ठेवून उलटं पळायचं आणि त्याला बॉल झेलू द्यायचा नाही. कित्येक वर्षं हा माणूस पगार घेऊन उलटा पळाला. सरळ चाललं की गुडघे कुरकुरतात आणि उलटं चाललं की गप्प बसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं, पण डॉक्टर कुठे फुटबॉल खेळले होते?

"ज्या रविवारी टीव्हीवाल्याने माझं नाव घेतलं नाही, तो रविवार माझा," असं ते छाती काढून सांगत. सामने रविवारी, आणि बचावातल्या गड्याचं नाव निघणार ते चुकला तरच. दुर्दैवाने एका रविवारी नाव घेतलं गेलं. शेवटच्या मिनिटाला एक पोरगा त्यांना चकवून मागे निसटला आणि सामना गेला. इतकी वर्षं कोणाला माहीत नसलेलं नाव तेव्हा देशभर झालं. पुढच्या मोसमात संघाने नारळ दिला.

मग कोचिंग. आधी लहानसहान कॉलेजं, शेवटी अर्विंगमधली एक शाळा. गुण मिळवणं हा प्रकार त्यांना मनातून जरा असभ्यच वाटायचा. "बॉल हातात आला की चांगला मुलगा बिघडतो," म्हणायचे. आम्हाला एकदा सामन्याला घेऊन गेले. त्यांचा संघ तीन-शून्य हरला आणि कोच खुशीत! "बघितलंत? जवळजवळ काहीच होऊ दिलं नाही आम्ही."

"हो ना, दोन्हीकडून," सुनीता मला मराठीत म्हणाली. पुण्याची आहे ती.

त्यांचा सिद्धांत एकच, सुनीताला नेहमी ऐकवायचे. "मॅम, माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं नाही. डोळे फसवतात. कंबर बघा. ज्याला जिकडे जायचंय, तिकडेच त्याची कंबर वळते." आमच्याकडे दिवाळीला सगळी मराठी मंडळी जमली. मंडळींच्या पोरांचे ते एव्हाना कोचकाका झाले होते. चकली कुडूमकुडूम चावत ते माझ्या कानाशी पुटपुटले, "ते निळ्या शर्टवाले मघापासून निघतो निघतो म्हणतायत ना? कंबर सोफ्यात आहे. जेवूनच जाणार." निळ्या शर्टवाले जेवले, वर श्रीखंडाचा डबा घेऊन गेले.

त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर सुनीताने विचारलं, तुमच्या घरी कोण कोण? "बायको होती," कोच म्हणाले. "ती जाणार हे मला कळलंच नाही. मी बावळटासारखा डोळ्यांतच बघत राहिलो." आणि लगेच त्यांचं ठरलेलं वाक्य, "विसरा. पुढचा डाव!" गाडी रिव्हर्स घेताना आमची पत्रांची पेटी पाडली तेव्हाही हेच म्हणाले होते. पायांनी उलटं येत होतं, चाकांनी नाही.

दोन हजार दोनमध्ये टेलिकॉमचा धंदा बसला आणि माझ्या कंपनीने मलाही नारळ दिला. व्हिसा नोकरीवर. लगेच दुसरी मिळाली नाही तर बॅगा भरा, भारतात चला. कोचनी हे फारच मनाला लावून घेतलं. "माझ्या बाजूने मी कोणाला जाऊ देत नाही," म्हणाले, आणि अंगणात खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी घालून माझे इंटरव्ह्यू घ्यायला लागले. मी अडखळलो की शिट्टी. सुनीता दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसायची. हसता हसता डोळेही पुसायची.

खरा इंटरव्ह्यू एकच आला. मॅनेजर तोंडभर हसत म्हणाला, "एक्सलंट! आम्ही कळवतो." मी त्याच्या पट्ट्याकडे बघितलं.

घरी आलो तर कोच फाटकाशीच. "कंबर?"

"दाराकडे."

त्या दिवशी ते "पुढचा डाव" म्हणाले नाहीत. नुसते उलटे उलटे घरी गेले.

मग रोज खोकी उचलायला यायचे. गाडीपर्यंत तीही उलटीच न्यायचे, आणि सुनीता ओरडायची, "कोच, त्यात काचेच्या बरण्या आहेत!" जायच्या दिवशी तिने त्यांना चकल्यांचा डबा दिला. त्यांनी तो छातीशी धरला.

"मॅम, विसरा. पुढचा डाव."

आम्ही मित्राच्या गाडीत बसलो. मनात म्हटलं, आता नेहमीसारखे हात हलवत मागे मागे जातील, आणि वळणापर्यंत तरी एकमेकांना बघता येईल. पण कोच वळले. पाठ केली आमच्याकडे आणि सरळ चालायला लागले, लंगडत, एकेका पावलाला कळ सोसत. त्यांना सरळ चालताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"हे काय रे?" सुनीताने काच खाली केली. "हात तरी हलवायचा माणसाने!"

कोच दारापाशी पोचले. एका हातात डबा, दुसरा हात कडीवर, तोंड दाराकडे. दार काही उघडेना. म्हणजे कोच ते उघडतच नव्हते.

गाडी हलली. सुनीताने माझा दंड घट्ट धरला.

"अरे," ती म्हणाली, "कंबर बघ त्यांची."

कंबर आमच्या गाडीकडे वळलेली होती.