गवसांची दारू

आमच्या शारजातल्या बिल्डिंगमध्ये सतत दारूबद्दल बोलणारा एकच माणूस होता, आणि तो थेंबभरही पीत नव्हता.

शारजात दारूला बंदी. हा शब्द लोक फोनवरसुद्धा हळू उच्चारायचे. आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे गवसभाऊजी जिन्यात उभे राहून, मोबाइल कानाला लावून, कुडाळच्या मित्राला खणखणीत आवाजात सांगायचे, की दारू कोरडी हवी, ओली दारू काय कामाची, आधी कडक उन्हात वाळव आणि मग ठासून भर. समोरचे लखनौचे खानसाहेब दाराआडून ऐकत. त्यांनी एकदा माझ्याजवळ विषयही काढला. आदमी शरीफ है, म्हणाले, समझाइए ज़रा.

आमच्या ह्यांची फजिती तर विचारूच नका. नवीन ओळख झाली तेव्हा भाऊजींनी ह्यांना आमंत्रण दिलं, या शुक्रवारी, निवांत दारूच्या गप्पा मारू. ह्यांनी त्या शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्यांदा आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, माझ्या चकल्या डब्यात भरल्या आणि वर गेले. परत आले ते तोंड पाडून. वर कोकम सरबत मिळालं होतं. भिंतीवर ओळीने ठासणीच्या बंदुका टांगलेल्या, आणि चकल्या सगळ्या भाऊजींनीच संपवल्या. दारूगोळा हा शब्द ह्यांनी शाळेच्या पुस्तकात शंभरदा वाचला असेल, पण ऐन वेळी मेला आठवला नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे कशी, तर तोंडातून काळी दारू ओतायची, वर गोळी आणि चिंधी घालायची, लोखंडी गजाने ठासायची. मग मागच्या भोकावर, त्याला कान म्हणतात, चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू, टाकायची आणि पलिता, म्हणजे पेटती वात, लावायची. हे मला पाठ आहे कारण हमरियातल्या आमच्या ऑफिसला मी भाऊजींच्याच गाडीतून जायची. ते स्टोअर सांभाळत, मी अकाउंट्समध्ये. बंदुका त्यांनी शारजाच्या जुन्या बाजारातून, अल ऐनहून, ओमानहून जमवलेल्या. सगळ्या शोभेच्या म्हणून विकलेल्या. घरात दारूचा कण ठेवायला परवानगी नाही, त्यामुळे उडवायचा प्रश्नच नव्हता. तरी दर शुक्रवारी भाऊजी त्यांना टबात घालून गरम पाण्याने न्हाऊ घालत, चिंधीने पुसत आणि आतबाहेर खोबरेल चोपडत. माझी मुलगी एकदा वर डबा द्यायला गेली आणि धावत खाली आली. "मम्मा, ही इज गिव्हिंग देम अ बाथ."

वहिनी, म्हणजे भाऊजींची बायको, मुलीच्या शिक्षणासाठी कुडाळला परत गेली होती, म्हणून हे असले चाळे चालायचे. माणूस एका जागी बसेल तर शपथ. टीव्हीवर मॅच लागली की हे उभे. जेवताना तीनदा उठणार, बंदुका या भिंतीवरून त्या भिंतीवर नेणार, एसीचा ओलावा लागतो म्हणून, आणि पुढच्या आठवड्यात ऊन लागतं म्हणून परत आणणार. ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की उतरून पुढे काय झालंय ते बघून यायचे, आणि इकडे मागचे हॉर्न मारून मला शिव्या घालायचे. आणि सगळ्या जगाला एकच प्रश्न, "गज टाकून बघितलंत?" बंदूक रिकामी आहे असं कोणी सांगितलं तर मानायचं नाही, आत गज टाकायचा. खणकन वाजला तर रिकामी, धप्प आवाज आला तर भरलेली. हेच सिलिंडरला, हेच रजेच्या अर्जाला. माझ्या नणंदेसाठी स्थळ आलं तेव्हाही त्यांनी ह्यांना हेच विचारलं. मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

एकदा गाडीत मी वैतागून म्हटलं, भाऊजी, ज्या बंदुका उडत नाहीत त्यांचं एवढं काय करायचं? अजमानचा सिग्नल गेला, मग भाऊजी बोलायला लागले.

त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी, रीतसर परवान्याची. रानडुकरं आली की म्हातारा बार काढायचा आणि सगळ्या वाडीला कळायचं, गवस जागा आहे. वय झालं तसा परवाना मुलाच्या नावावर करायचा होता, त्यासाठी मुलाने स्वतः हजर राहायला हवं. भाऊजी म्हणत राहिले, पुढच्या सुट्टीत. कधी तिकीट नाही, कधी स्टोअरचं ऑडिट. शेवटी मुदत संपली आणि म्हाताऱ्याने बंदूक खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात नेऊन दिली. त्या दिवसापासून ते भाऊजींशी बोलले नव्हते. भाऊजी सुट्टीत घरी गेले तर म्हातारा उठून मागच्या परड्यात जायचा. फोन केला की आई म्हणायची, बापूस आसा हडेच, पण घेणा नाय.

"मी काय करू वहिनी?" भाऊजी म्हणाले. "माफी मागायला तरी समोरच्याने फोन घ्यायला हवा ना."

त्यानंतर मी त्या टबाबद्दल काही बोलले नाही.

पुढे आमच्या मालकाच्या घरी लग्न निघालं. मालकाच्या वडिलांना सगळे अबू सईद म्हणत. धैदला त्यांची खजुरांची बाग होती, आणि घरच्या लग्नात जुन्या बंदुकांचे बार काढायची त्यांच्याकडे रीत होती, परवानगीसकट. अबू सईद आमच्यापेक्षा चांगलं हिंदी बोलायचे. भाऊजींनी त्यांना आपल्या बंदुकांबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, अबू फतीला है क्या? भाऊजींना दोन मिनिटं काही सुधरेना. मग उडालेच. "वहिनी, फतीला म्हणजे आपला पलिता! पलितेवाली बंदूक!" त्या एका शब्दावर दोघांची गट्टी जमली. अबू सईद म्हणाले, सगळ्या घेऊन ये, बघू कुठली जिवंत आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही धैदला गेलो. ह्यांना काम होतं, म्हणून मीच भाऊजींबरोबर. अबू सईदनी एकेक नळी उन्हात धरून पाहिली, बोटाने चाचपली आणि बाजूला ठेवत गेले. खलास. यह भी खलास. शेवटची एक मात्र हातात तोलत म्हणाले, यह चलेगी. भाऊजींनी लगेच खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात कोंबला. कुडाळच्या घरचा नंबर आधीच लावलेला. आईला सांगून ठेवलं होतं, की बाबांच्या कानाला फोन लाव आणि कोण आहे ते सांगू नकोस, फक्त ऐक म्हण.

अबू सईदनी सहज विचारलं, पहले कितना चलाया है? भाऊजी वाळूकडे बघत म्हणाले, एक भी नहीं.

मी बघतच राहिले. अहो, बंदुकीवर व्याख्यानं देणारा हा माणूस! लहानपणी वडील त्यांना फक्त गज धरायला देत, बार काढू देत नसत. मोठा झाल्यावर, म्हणायचे. मोठे झाले ते इकडे आखातात आले.

अबू सईदनी दारूचं माप दाखवलं. भाऊजींनी भरली, गोळी घातली, ठासली. समोर वाळूची टेकडी. पलिता पेटवला, चाप ओढला. रंजक फुस्स झाली आणि बार झालाच नाही. अबू सईदनी बंदूक तशीच टेकडीकडे धरून ठेवायला लावली, बराच वेळ, उशिरा उडाली तर म्हणून. मग बंदुकीच्या कानाशी नाक नेलं आणि म्हणाले, यह क्या, बाल में लगाने का तेल? इतक्या शुक्रवारांचं खोबरेल आत मुरलं होतं.

इकडे माझ्या हातातला फोन चालूच. आई विचारत होत्या, काय ऐकाक इला नाय, ठेवूं? मी म्हटलं, आई, हात जोडते, ठेवू नका. मागे कोणीतरी खाकरल्याचं ऐकू येत होतं. भाऊजींचा चेहरा असा उतरला, की मलाच रडू यायला लागलं. आता म्हातारा उठून परड्यात गेला की संपलं.

अबू सईदनी सगळं रिकामं केलं, कान तारेने साफ केला, नळी चिंधीने कोरडी केली. भाऊजींनी पुन्हा भरली. मला कान झाकता येईनात, एका हातात फोन होता. मी डोळे मिटले.

बार झाला तो असा, की बागेतले सगळे पक्षी उडाले. धूर ओसरला तेव्हा भाऊजी वाळूत बसलेले, बंदूक मांडीवर. मी फोन कानाला लावला. मग एक खरखरीत म्हातारा आवाज आला, मी आधी कधी न ऐकलेला.

"दारू जास्ती घातलंस."

मी कशीबशी थांबा हं म्हणाले आणि धावत जाऊन फोन भाऊजींना दिला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात, म्हणून पुढचं मलाही ऐकू आलं.

"खांद्याक लागला नाय मां?"

"नाय, बाबा," भाऊजी म्हणाले. "नाय लागला."

पलीकडे फोन खाली ठेवला गेला. भाऊजी वाळूतच बसून ढसाढसा रडले आणि अबू सईद त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माप सोडून मूठभर दारू जास्त घातल्याचं भाऊजींनी तेव्हाच कबूल केलं. कुडाळपर्यंत आवाज जायला हवा ना, म्हणाले.

भाऊजींना उजवा हात वर उचलवत नव्हता. धैदच्या दवाखान्यात मल्याळी डॉक्टरने फोटो काढला, गळ्याच्या हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टर पट्टा बांधत असताना भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, घरी सांगू नका हां, लागलं म्हणून."

मी नाही सांगत म्हटलं. डॉक्टरने गाठ मारली, गोळ्या लिहून दिल्या. आम्ही दारापर्यंत आलो आणि भाऊजी थांबले.

"नाहीतर वहिनी, सांगाच," ते म्हणाले. "म्हणजे बाबा उद्या परत विचारतील."