एक झेंडा, दोन शवपेट्या

अनाक्लेतो पहाटे गेला आणि न्याहारीच्या वेळेला बातमी आली की बेलार्मिनोही गेला. दोना जेनेरोजाने नवऱ्याच्या छातीवरचा हात न उचलताच विचारलं, "आजच?"

"आजच," शेजारीण म्हणाली.

"जन्मभर याच्या पुढेच धावला तो माणूस. मरतानाही थोडा दम धरवला नाही."

पेद्रा मियूदा गावात एकाच दिवशी दोन माणसं जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पण ही दोघंही औरोरा फुटबॉल क्लबची. एक गोलकीपर, दुसरा सेंटर फॉरवर्ड. औरोराच्या जुन्या खेळाडूने क्लबच्या झेंड्याखाली मातीत जायचं ही रीत क्लब स्थापन झाला तेव्हापासूनची. आणि झेंडा एकच. अर्धा लाल, अर्धा पांढरा, मधोमध शिवण. गिरणीच्या विणकरांनी पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तो शिवला. लाल म्हणजे कामगारांचं रक्त आणि पांढरा म्हणजे कापूस, असं क्लबचे अध्यक्ष तार्सिजियो दर वर्धापनदिनी सांगत. त्या दिवशी गिरणीत तेवढेच दोन तुकडे शिल्लक होते असं जेनेरोजाची सासू सांगे. पण सासू भाषणं करत नसे, म्हणून ते कुणी ऐकलं नाही.

अनाक्लेतोने उभ्या आयुष्यात बायकोकडे काही मागितलं नव्हतं. बोटं चेंडू अडवून अडवून वाकडी झाली, शर्टाची बटणं लावता येईनात, तरी "लाव" म्हणाला नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र म्हणाला, "जेने, तेवढा झेंडा बघ हं." ती म्हणाली, "बघते." जेनेरोजाने "बघते" म्हटलं की ते काम झालंच, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

तार्सिजियो टोपी हातात घेऊन आले.

"दोना जेनेरोजा, एक विनंती होती. झेंडा थोडा वेळ इथे, थोडा वेळ बेलार्मिनोच्या लेओकादियाबाईंकडे..."

"झेंडा आहे का शेजारणीची कढई?"

"दोघंही आपलेच हो."

"मग एकाला उद्या न्या. बेलार्मिनोला न्या उद्या."

"या उकाड्यात? आणि फादर आज दुपारीच आहेत. उद्या दुसऱ्या गावी."

तेव्हा झेंडा फिरू लागला. तार्सिजियो स्वतः मोटरसायकलवरून तो इकडून तिकडे न्यायचे. गावकरीही त्याच्या मागून फिरू लागले, कारण जेनेरोजाकडे चीजचे गरम गोळे होते आणि लेओकादियाकडे उसाची दारू. दुसऱ्या खेपेला जेनेरोजाने झेंडा उजेडात धरला.

"हा मेणाचा डाग कसला? त्या घरी मेणबत्त्या लावल्यात का शेकोटी?"

तिसऱ्या खेपेला निरोप आला, की लेओकादियाबाई विचारतायत, झेंड्याला चीजचा वास का येतोय.

शेवटी फादरनीच तोडगा काढला. दोन्ही शवपेट्या एकमेकींना लागून न्यायच्या, झेंडा आडवा, दोन्हींवर मिळून. एका टोकाला जेनेरोजा, दुसऱ्या टोकाला लेओकादिया. पुढे क्लबचा बँड, एरवी उड्या मारत वाजवायचं क्लबचं गाणं अगदी संथ वाजवत. बाप्ये टोप्या काढून उभे राहिले. जेनेरोजाची मान ताठ होती. दिला शब्द पाळला जात होता, थोडी भागीदारी झाली एवढंच.

दफनभूमीच्या फाटकापाशी सगळं अडलं. फाटकाचं एक दार गंजून कायमचं मिटलेलं. एका वेळी एकच पेटी आत जाणार.

"आधी गोलकीपर," जेनेरोजा म्हणाली. "संघाची यादी त्याच्यापासून सुरू होते."

"आणि सामना कोण जिंकून देतं?" लेओकादिया म्हणाली. "चला रे, उचला बेलार्मिनोला."

एका बाजूचे खांदेकरी पुढे सरले, दुसऱ्या बाजूचे अदबीने थांबले. टोकं मात्र कुणीच सोडली नाहीत. झेंडा ताणला, आणखी ताणला, आणि फर्रकन शिवणीवर उभा फाटला. बँड मध्येच थांबला.

लाल भाग बेलार्मिनोवर राहिला, पांढरा अनाक्लेतोवर. आणि नुसता पांढरा म्हणजे कोमेर्सियाल! दुकानदारांचा क्लब, औरोराचा जन्माचा वैरी. भिंतीशी उभ्या असलेल्या कोमेर्सियालवाल्या म्हाताऱ्या न्हाव्याने छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "शेवटी आमच्यातच आले बिचारे."

जेनेरोजाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो दुसऱ्या कुणाच्या तरी मागे जाऊन उभा राहिला. पण तिचे ओठ थरथरत होते. दिवसभरात पहिल्यांदाच.

"लेओकादिया, लाल दे."

"आणि माझ्या माणसाला दुकानदार करू?"

"मग माझ्या माणसाला केलंस ते?"

लेओकादियाने पांढऱ्या कापडाखालच्या पेटीकडे पाहिलं. कॉलरमध्ये खोचलेली सुई काढली, शालीचा एक धागा उसवला आणि फाटकाच्या पायरीवर बसली. जेनेरोजा तिच्या शेजारी बसली.

"सुई आहे ना दुसरी?"

"आहे."

एक वरून शिवू लागली, दुसरी खालून. खांदेकऱ्यांनी पेट्या खाली ठेवल्या. फादरनी घड्याळ पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं.

"टाके आहेत का उड्या?" जेनेरोजा म्हणाली.

"तुझे बघ. पोतं शिवतेयस जसं."

"झोपेत घोरायचा का गं बेलार्मिनो?"

"कौलं हलायची." लेओकादियाने नाक पुसलं. "आज रात्री झोप कशी लागणार, कुणास ठाऊक."

मधोमध सुया भेटल्या. मग दोघींनी झेंडा फाटकात डोक्यावर उंच धरला आणि दोन्ही पेट्या त्याखालून आत गेल्या. आधी कुठली गेली हे दोघींनाही सांगता आलं नसतं. दोघी एकमेकींचे टाके बघत होत्या. भिंतीलगत शेजारी शेजारी खड्डे होते, तिथे झेंडा पुन्हा दोघांवर पसरला आणि माती पडायच्या वेळेला काढून घेतला. जेनेरोजा वाकून म्हणाली, "बघितलं हं मी." आणि मग रडली.

तार्सिजियोंना हुंदका आवरेना. त्यांनी तिथेच झेंड्यावर हात ठेवला.

"आजवर हा मान फक्त खेळाडूंना होता. पण क्लबचा झेंडा ज्यांनी वाचवला, त्या या दोन्ही माउल्याही झेंड्याखालीच जातील. अध्यक्ष म्हणून शब्द देतो. दोघींपैकी जी आधी जाईल, तिला आधी मिळेल."

टाळ्या वाजल्या. मग गाव दोघींकडे पाहू लागलं.

जेनेरोजाने पदर सावरावा तशी शाल सावरली. "लेओकादिया, तू वयानं मोठी. आधी तू."

"छे गं! तू गोलकीपरची बायको. यादी तुमच्यापासून सुरू होते."

"असं कसं? तुमचा मान मोठा."

"नाही नाही, तू हो पुढे. मी येते मागनं. सावकाश."