हरल्या दिवशीचा उपास

एका जंगलात, मुलांनो, फुटबॉलचा एक संघ होता आणि तो हरायचा.

कधीमधी हरायचा असं नाही. नेमाने हरायचा. दर रविवारी पाणवठा क्रीडा मंडळाचा संघ मैदानात उतरायचा, नाणेफेक हरायचा, मग सामना हरायचा आणि मग हात हलवत घरी जायचा.

या संघाचा एक चाहता होता. त्याचं नाव अंताजी भेकर. भेकर म्हणजे हरणासारखा दिसणारा एक लहान, भित्रा प्राणी. तो घाबरला की कुत्र्यासारखा भुंकतो. अंताजी घाबरलेला नसला तरी भुंकायचा, कारण त्याला मतं होती.

सामना हरला की सगळं जंगल जांभळीखाली जमायचं. तिथे एक उंच दगड होता. अंताजी त्यावर चढायचा आणि संघाची सालटी काढायचा.

गोलकीपर दाजी अस्वल. मैदानाशेजारी मोहाचं झाड होतं आणि दाजीचं सगळं लक्ष त्या झाडाखाली असायचं. मोहाच्या दिवसांत त्याला दोन चेंडू दिसायचे. त्यातला जो नसायचा, तो तो हमखास अडवायचा. बचावाला साळिंदर. त्याने हेडर मारला की चेंडूचा फुस्स आवाज यायचा. विंगेवर सुभान्या ससा. धावायला वाऱ्यासारखा, पण निम्म्या वाटेत जरा पडायचा. घराण्याची परंपरा, म्हणायचा. आणि प्रशिक्षक घुबडगुरुजी. ते दिवसा झोपायचे आणि सामने दिवसा असायचे. कुणी हलवून उठवलंच, तर ‘संघ घडवण्याची प्रक्रिया चालू आहे’ एवढं बोलून पुन्हा झोपायचे.

पण अंताजीचा खरा राग होता कप्तानावर. कप्तान होते आप्पा कासव. ते कधीपासून कप्तान होते हे कुणालाच आठवत नव्हतं. मैदानाच्या मध्यापासून कडेपर्यंत यायला त्यांना मध्यंतर पुरत नसे. अंताजी म्हणायचा की या म्हाताऱ्याला बसवल्याशिवाय संघाला भवितव्य नाही. त्यावर सगळे माना डोलवायचे. पुढच्या रांगेत बसलेले आप्पाही डोलवायचे.

मंडळाचे अध्यक्ष होते बिबटेसाहेब. तुम्ही विचाराल, बिबट्या मधे बसलाय, एका बाजूला हरणं, दुसऱ्या बाजूला ससे, हे कसं काय? तर त्याला कारण होतं. बिबटेसाहेबांच्या आजोबांनी नवस केला होता. संघ हरला, तर पुढच्या सामन्यापर्यंत घराण्यात कुणी शिकार करायची नाही. कडक उपास. उपासाला खेकडे चालतात, असं मात्र त्यांनीच ठरवून टाकलं होतं. खेकड्यांना कुणी विचारलं नाही. खेकडे फुटबॉल बघत नसत.

आणि संघ जिंकला तर? तर मेजवानी. पण ती कुणी पाहिलेली नव्हती. शेवटचा विजय अंताजीच्या पणजोबांच्या काळात झाला होता आणि पणजोबा त्याच संध्याकाळी वारले होते. ते आनंदाने वारले, असं घरात अभिमानाने सांगत.

असा हा कारभार सुखाने चालला होता. मग एका रविवारी संघ खिंडीतल्या रानडुकरांकडून सपाटून हरला. त्या संध्याकाळी अंताजीने दगडावरून असा काही तोफखाना सोडला की घुबडगुरुजीसुद्धा जागे झाले. तो म्हणाला की प्रेम आहे म्हणून बोलतो, नाहीतर आपल्याला काय पडलंय. प्रेम होतं हे खरंच. अंताजीला झोपेतही सामने दिसायचे आणि झोपेतही तो हरायचा.

बिबटेसाहेबांनी पंजावर हनुवटी टेकून सगळं ऐकलं. त्यांच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं.

“अंताजी,” ते म्हणाले, “पुढच्या रविवारचा संघ तुम्ही निवडा. आम्हाला आता खेकड्यांचा कंटाळा आलाय.”

अंताजीला पहिलंच वाक्य ऐकू आलं. दुसरं ऐकायला तो भानावर नव्हता.

त्याने रात्रीचा दिवस केला. गोलात वानर आणला, कारण त्याला चार हात आणि वर एक शेपूट. बचावाला गवा आणला. विंगेवर चितळ घेतला. साळिंदराला घरी पाठवलं. दाजीला मोहाच्या झाडाखाली पाठवलं, तिथे तो आनंदाने गेला. शेवटी तो आप्पांकडे गेला आणि कप्तानाची पट्टी मागितली.

आप्पांनी ती दंडावरून काढली. त्यात बराच वेळ गेला. मग ते एवढंच म्हणाले, “नीट विचार केलायस ना, बाळा?”

अंताजीला वाटलं, म्हाताऱ्यांना खुर्ची सोडवत नाही ती अशी.

आणि मुलांनो, संघ जिंकला. वानराने सगळे चेंडू अडवले, काही शेपटीने, आणि गव्याच्या अंगावर जायला कुणी तयार होईना. सगळं जंगल नाचलं. अंताजीला गव्याच्या पाठीवर बसवून मिरवलं. त्याला रडू आलं. आज आजोबा असते तर, असं तो सारखं म्हणत होता. तिकडे बिबटेसाहेब मिशा पुसत घाईघाईने घरी गेले. त्यांचे मेहुणेही आले होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारं सांबर कुणाला दिसलं नाही. सामना फार रंगला होता, छातीत कळ आली असेल, असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढच्या रविवारी संघ पुन्हा जिंकला. नंतर सुभान्याचे दोन काका गावाला गेल्याचं कळलं. कुठल्या गावाला, ते सुभान्याला सांगता येईना. त्याच्या पुढच्या रविवारीही विजय, आणि पुढच्या रांगेत बसणारी लंगडी चितळीण दिसेनाशी झाली. अंताजी आता मान वर करून चालायचा आणि लोकांशी बोलताना ‘आपण’ म्हणायच्या जागी ‘मी’ म्हणायला लागला होता. आपण हरायचो, पण मी जिंकलो.

एकच गोष्ट त्याला खुपायची. जांभळीखाली आता कुणी येत नसे. जिंकल्यावर बोलायचं काय? अंताजी दगडावर चढून वानराच्या उडीचं कौतुक करायचा आणि समोर दोन खारी पेंगत असायच्या. तो घरी येऊन बायकोपाशी कुरकुरला की पब्लिक फार कृतघ्न असतं, यशाला गर्दी करत नाही.

त्याची बायको सगुणाकाकू पाडसाला चाटत बसली होती. तिला फुटबॉलमधलं काही कळत नसे. चेंडूमागे एवढे जण का धावतात, एकेकाला एकेक का देत नाहीत, असं ती लग्नापासून विचारायची.

“येतील कसे?” ती म्हणाली. “उरलेत कोण? हरत होतात तेव्हा कुणी असं गेल्याचं ऐकलंत का कधी?”

अंताजी तिच्यावर खेकसला. खेळात राजकारण आणू नये, म्हणाला. पण एकटा बसल्यावर तो मागचं आठवू लागला. सांबर, काका, ती पुढच्या रांगेतली लंगडी चितळीण. प्रत्येक वेळी रविवार, प्रत्येक वेळी विजय. आणि मग त्याला आठवलं बिबटेसाहेबांचं ते दुसरं वाक्य.

त्याच आठवड्यात बिबटेसाहेब स्वतः त्याच्या दारी आले. अजिंक्यपदाचा सामना येत्या रविवारी होता, खिंडीतल्या रानडुकरांशीच. बरोबरी झाली तरी गुणांवर ढाल आपलीच होती. साहेब फार प्रेमाने बोलले. त्यांची तब्येतही सुधारली होती.

“रविवारी आमच्याकडे जेवायला या,” ते म्हणाले. “काकूंना आणा. पाडसालाही आणा. तुमच्याशिवाय मेजवानी व्हायची नाही.”

एवढं बोलून त्यांनी पाडसाच्या गालाला हळूच पंजा लावला. साहेब वळताच अंताजी भुंकला, आणि या वेळी त्याला कारण मत नव्हतं.

रात्रभर तो जागा होता. आयुष्यभर ज्या ढालीची स्वप्नं पाहिली ती हाताशी आली होती. शेजारी पाडस झोपलं होतं आणि झोपेत पाय झाडत होतं. बहुधा चेंडू मारत होतं. अंताजीने त्याच्याकडे पाहिलं, एकदा जांभळीकडे पाहिलं, आणि पहाटे उठून पाणवठ्यावर गेला.

“आप्पा,” तो म्हणाला, “पट्टी घ्या.”

आप्पांनी मान आत नेली आणि पुन्हा बाहेर काढली. कासवं होकार देतात तो असाच.

साहेबांना अंताजीने सांगितलं की मोठ्या सामन्याला अनुभव लागतो. हे वाक्य इतक्या जाणकारांच्या तोंडी असतं की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. साहेबांनीही विचारला नाही. ते मसाला वाटायला सांगून आले होते.

रविवार उजाडला. दाजी, साळिंदर, सुभान्या आणि आप्पा, सगळी जुनी मंडळी मैदानात उतरली. अंताजीने सुटकेचा निःश्वास टाकला. इतक्या वर्षांत या मंडळींनी कधी निराश केलं नव्हतं.

पण दैव बघा. मोहाचा हंगाम संपला होता आणि दाजी शुद्धीवर होता. त्याला एकच चेंडू दिसत होता आणि तो त्याला मिठी मारत होता. सुभान्याची इतक्या रविवारची झोप पूर्ण झाली होती, त्यामुळे तो मधे कुठे पडेना. साळिंदराच्या जवळ जायला रानडुकरं धजेनात. मध्यंतराला गोल नाही कुणाचाच. बरोबरी! गॅलरीत बिबटेसाहेब जिभल्या चाटत होते आणि मेहुण्यांना अंताजीकडे बोट दाखवत होते.

अंताजी कडेला येरझारा घालत होता. जन्मात पहिल्यांदा त्याने देवाकडे आपल्या संघाचा पराभव मागितला. मागताना त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही त्याने पुन्हा मागितला.

आता एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. मध्यंतर संपल्यापासून आप्पा चालायला लागले होते. मैदानाच्या मध्यातून, आपल्याच गोलाकडे. म्हाताऱ्याला दिशा कळत नसेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. चेंडू इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. आप्पा आपले चालतच होते.

शेवटच्या मिनिटाला ते पोचले. त्याच वेळी दाजीने एक झकास चेंडू झेलला, गॅलरीकडे बघून छाती फुगवली आणि चेंडू लांब भिरकावला. तो समोर उभ्या असलेल्या आप्पांच्या पाठीवर आपटला, उलटा फिरला आणि दाजीच्या डोक्यावरून गोलात गेला.

शिट्टी वाजली. ढाल खिंडीत गेली.

 मग बिबटेसाहेबांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि मेहुण्यांना सांगितलं की खेकडे धुवायला घ्या.

अंताजी धावत आप्पांकडे गेला. आप्पा मैदानाबाहेर यायला निघाले होते. आज ते कडेला पोचले असते उद्यापर्यंत.

“तुझे पणजोबा आपले सेंटर फॉरवर्ड होते,” आप्पा चालता चालता म्हणाले. “तो शेवटचा गोल त्यांनीच मारला. फार सुंदर गोल होता. त्या संध्याकाळी मी त्यांना शोधत होतो. मला उशीर झाला. तेव्हापासून मी ठरवलंय, पुन्हा उशीर होऊ द्यायचा नाही.”

अंताजीने गव्याला हाक मारली आणि आप्पांना त्याच्या पाठीवर बसवून जांभळीकडे नेलं. 

त्या संध्याकाळी जांभळीखाली पाय ठेवायला जागा नव्हती. हरणं आली, ससे आले, घाबरून दूर निघून गेलेलेही परत आले. सगुणाकाकू पाडसाला घेऊन बसली. मधे बिबटेसाहेब, पोट आत ओढून. अंताजी दगडावर चढला.  त्याने पुढच्या रांगेतल्या आप्पांकडे पाहिलं.

“हा म्हातारा,” तो म्हणाला, आणि आवाज चिरकला म्हणून खाकरला, “हा म्हातारा जोवर कप्तान आहे, तोवर या संघाला भवितव्य नाही.”

सगळ्यांनी माना डोलवल्या. सर्वांत जोराने बिबटेसाहेबांनी डोलवली. आप्पांनी डोळे मिटले आणि पुढचं ऐकायला आरामात पाय आत घेतले.

तात्पर्य: संघ हरला की कप्तानाला शिव्या जरूर द्याव्यात, आणि मनापासून द्याव्यात. पण त्याला काढण्याआधी, मुलांनो, जिंकल्यावर अध्यक्ष काय जेवतात याची घरच्यांकडे चौकशी करावी.